पडद्यावरची शिरोरेषा

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, पुसद, दारव्हा अशा गावांतील शिक्षकांशी आमचे बोलणे होते तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. शाळेचा लॅपटॉप नवा आहे, पडदा चांगला आहे, तरी प्रश्नपत्रिका तयार करताना अक्षरे मुंगीएवढी दिसतात. मग पडद्याचे रिझोल्यूशन कमी करावे काय? रिझोल्यूशनला पारिभाषिक शब्द विभेदन असा आहे. येथे त्याचा अर्थ एवढाच, की पडद्यावर आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत. उत्तर दोन ओळींत देता येईल. पण देवनागरीपुरते पाहिले तर हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे, आणि तो इतिहास पाहिल्याशिवाय उत्तरातले मर्म नीट ध्यानात येत नाही.

रोमन अक्षरे ओळीत शेजारी शेजारी उभी राहतात. देवनागरीचे तसे नाही. ‘कर्तृत्व’ हा शब्द पाहा. शिरोरेषेच्या वर रफार, मध्ये त चे अंग, त्याच्या पायाशी ऋकार. एका ओळीत तीन मजले! १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. तेव्हापासून हे तीन मजले मुद्रकांना छळत आले आहेत. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने अक्षरे आणि मात्रा यांचे खिळे वेगळे पाडून ते जुळवण्याची ‘डिग्री’ पद्धत बसवली. त्याच छापखान्यात लहान वयात काम शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली निर्णयसागरी अक्षरे आजही डोळ्यांना गोड वाटतात. पण त्यासाठी जुळाऱ्यापुढे शेकडो घरांच्या खिळ्यांच्या पेट्या लागत. १९१९ च्या सुमारास लोकनायक बापूजी अणे यांचे ‘लोकमत’ हे साप्ताहिक यवतमाळहून निघू लागले. त्या काळी मराठी पत्र म्हटले की हाताने खिळे जुळवणे आलेच. देवनागरी लायनोटाइप यंत्र १९३० नंतरच्या दशकात आले.

मग यंत्राला सोयीचे व्हावे म्हणून लिपीच बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात ‘अ’ च्या बाराखडीचा जोरदार पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे न ठेवता अि, अी, अु, अू असे लिहावे, म्हणजे खिळे कमी होतील, हा त्यामागचा हिशेब. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले. लोकांना ते रुचले नाही व काही वर्षांतच तो बदल मागे घ्यावा लागला. सुधारकांची घाई समजण्यासारखी होती. तरी आमच्या मते त्यांनी औषध चुकीच्या रोग्याला दिले. दुबळे होते ते यंत्र.

हे पुढे संगणकानेच सिद्ध केले, पण सुरुवात मात्र फार वाईट झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीवरील रंगीत पडद्यावर ६४० आडवे आणि २०० उभे ठिपके असत, आणि एका रोमन अक्षराला ८ गुणिले ८ ठिपक्यांचे घर मिळे. ढोबळ हिशेब करून पाहू. देवनागरीत वरच्या मात्रेला व अनुस्वाराला ४ ओळी, शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला ७, खालच्या उकाराला ४ आणि दोन ओळींमधल्या फटीला २, असे १८ ठिपके उभे लागतात. म्हणजे २०० ठिपक्यांच्या पडद्यावर रोमन लिपीच्या २५ ओळी मावतात, तर मराठीच्या जेमतेम ११. १९८७ मध्ये व्हीजीए आले आणि उभे ठिपके ४८० झाले. आता मराठीच्या २६ ओळी बसू लागल्या. याच सुमारास आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या कामातून आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमधून ‘जिस्ट’ कार्ड आले. ते संगणकात बसवले की जोडाक्षरे व मात्रा आपोआप जागच्या जागी बसत. लिपी एका अक्षरानेही बदलावी लागली नाही. पुढे विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा अक्षरसंच आला. तो रेखणारे र. कृ. जोशी हे आपल्या मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले सुलेखनकार.

आता पडद्याच्या रचनेकडे वळू. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र रेखीत असे. ठिपक्यांची संख्या बदलली तरी चित्र फारसे बिघडत नसे. लॅपटॉपच्या द्रवस्फटिक पडद्यात मात्र ठिपके म्हणजे प्रत्यक्ष घडवलेल्या पेशी आहेत. त्यांची संख्या कारखान्यातच ठरते. १९२० गुणिले १०८० पेशींच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ चे चित्र मागितले, तर चित्राच्या एका ठिपक्याला सुमारे १.४ पेशी येतात. एक ठिपका जाडीची शिरोरेषा मग दोन ओळींत करडी होऊन पसरते. डोळा तिची कड शोधत राहतो आणि शिणतो.

पेशी लहान करण्यासाठी त्यातील लाल, हिरवे, निळे असे तीन भाग वेगवेगळे वापरण्याची ‘क्लिअरटाइप’ नावाची युक्ती मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केली. पण हे तीन भाग शेजारी शेजारी असतात, त्यामुळे मूळ युक्तीचा फायदा आडव्या दिशेला. आपली गर्दी तर उभी! रोमन लिपीला जेवढा लाभ झाला तेवढा देवनागरीला झाला नाही, याचे कारण हेच.

निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखतो. ५० सेंटिमीटर अंतरावर हे माप सुमारे ०.१५ मिलिमीटर येते. १५.६ इंची पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ असेल तर पेशी ०.२५ मिलिमीटरची, आणि १९२० गुणिले १०८० असेल तर ०.१८ मिलिमीटरची. मात्रेपासून उकारापर्यंत ५ मिलिमीटर उंचीच्या ओळीला पहिल्यात २० आणि दुसऱ्यात २८ ठिपके मिळतात. मराठी काम करणाऱ्याने नवा लॅपटॉप घेताना या आकाराच्या पडद्यावर दुसरा प्रकार मागावा, हे उघड आहे.

आणि अक्षरे बारीक दिसली तर? विभेदन मूळचे तेच ठेवावे आणि सेटिंगमध्ये ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. १२५ टक्क्यांना पडद्यावर १५३६ गुणिले ८६४ इतकी जागा उरते, पण अक्षर मात्र सगळ्या पेशी वापरून रेखले जाते. जुन्या १३६६ च्या पडद्यावर १२५ टक्के केले तर जागा अपुरी पडते; तेथे केवळ दस्तऐवजाचा झूम वाढवणे बरे.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. ‘कर्तृत्व’ हा शब्द लहान अक्षरात टंकून शिरोरेषेकडे भिंगातून पाहावे. मग विभेदन कमी करून तीच रेषा पुन्हा पाहावी, आणि मुलांना दोन्ही वेळची रेषा चौकटीच्या वहीत घरे रंगवून काढायला सांगावी.