खानदेशांतील गणिताचा मठ

शहाद्याचीं मुलें बीजगणित, त्रिकोणमिति व कलन यांचीं उदाहरणें सोडवितात. त्या अभ्यासाची जुनी परंपरा खानदेशांतच, चाळीसगांवाजवळील पाटण येथें सांपडते. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचिला. त्यांत समीकरणें आहेत, दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचा नियम आहे, आणि ग्रहांच्या तात्कालिक गतीच्या विचारांत कलनाचें बीजहि आहे. आधीं सूत्र, मागून उदाहरण, हा लीलावतीचा क्रम. कारण सूत्र पाठ झालें म्हणजे गणित आलें, असें नव्हे. ग्रंथ उरले, पण पढविणारा नसला, तर विद्या लोपते. म्हणूनच नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्यास दान दिलें, असें पाटणचा शिलालेख सांगतो. आचार्यांची कीर्ति ग्रंथांनीं राखली. विद्या मात्र अशा अभ्यासानेंच टिकते.