तळ्याची पाळ व राजाचा करार

नागभीडच्या परिसरांत गांवोगांव तळीं व बोड्या आढळतात. वैनगंगेच्या खोऱ्यांतील अशा जुन्या कामांचें श्रेय मुख्यतः कोहळी जातीस दिलें जातें. चांद्याच्या एका गोंड राजानें आपणांस काशीहून आणिलें, ही त्यांची परंपरा रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं नोंदिली. परंपरा म्हणजे प्रमाण नव्हे. तथापि तिच्यासवें सांगितली जाणारी अट विचारणीय आहे: जो तळें बांधील, त्यास त्या पाण्यानें भिजेल तितकी जमीन.

राजाची भूमि, कोहळ्याची विद्या व गांवाचे श्रम, असा हा त्रिवेणी योग होय. पाळ कच्ची राहिल्यास पाणी थोडें आणि म्हणून जमीनही थोडी. सारांश, कामाची परीक्षा कारकुनाच्या वहींत नव्हे, शेतांत होई.

पुढें हीं तळीं मालगुजारांकडे होतीं. १९५१ सालीं मालगुजारी संपून तीं सरकारजमा झालीं. कुळें मोकळीं झालीं, हें न्याय्यच झालें. परंतु ज्याचा लाभ त्याचीच दुरुस्ती, हा सांधा निखळला. गाळ काढूं म्हणणारांनीं प्रथम तो सांधावा.