लघवी साफ होते, मग तपासायची कशाला?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ५४, मधुमेह अकरा वर्षांचा. महिनाभरापासून संध्याकाळी पायांवर सूज येत होती, चपलेचे पट्टे रुतत होते. सोबत धाकटा भाऊ होता आणि हातात रिपोर्टची जाडजूड फाईल. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, कोलेस्टेरॉल, सगळे वर्षानुसार नीट लावलेले. लघवीचा रिपोर्ट मात्र एकही नव्हता. विचारल्यावर म्हणाले, "डॉक्टर, लघवी अगदी साफ होते. जळजळ नाही, रंग पाण्यासारखा. मग बाटली कशाला द्यायची?"

त्यांच्या लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस निघाले. रक्तातले क्रिएटिनिन २.४ होते. म्हणजे मूत्रपिंडांचे निम्म्याहून अधिक काम थांबलेले होते.

डोळ्यांना साफ दिसते ती लघवी चांगली, ही समजूत फार जुनी आहे. एकेकाळी डॉक्टरसुद्धा असेच मानत. ती समजूत कशी मोडली, हे आज सांगतो. म्हणजे लॅबवाला बाटली का मागतो, ते लक्षात येईल.

रंग पाहणारे वैद्य

मध्ययुगीन युरोपात डॉक्टरची ओळख स्टेथोस्कोपने होत नसे, तो तेव्हा नव्हताच. गोल बुडाची काचेची बाटली हे त्यांचे चिन्ह होते. तिला 'मॅट्युला' म्हणत. रुग्णाची लघवी तिच्यात भरून उजेडात धरायची आणि रंग, गढूळपणा, साका पाहून निदान करायचे. त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांत लघवीच्या वीसेक रंगांची चक्रे छापलेली आढळतात. पुढे पुढे तर रुग्णाला न पाहता नुसत्या बाटलीवरून भविष्य सांगणारे निघाले. १६३७ साली थॉमस ब्रायन या इंग्रज वैद्याने अशा लोकांची खिल्ली उडवणारे पुस्तकच लिहिले.

त्या जुन्या निरीक्षणांत तथ्य अजिबात नव्हते, असे नाही. लघवीवर टिकून राहणारे बुडबुडे मूत्रपिंडाचा दीर्घ आजार सुचवतात, असे हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या सूत्रांमध्ये आहे. आपल्या आयुर्वेदाच्या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि लघवीला मुंग्या लागतात हेही नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी मधुमेहींच्या लघवीच्या गोडीबद्दल लिहिले, आणि १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी लघवी आटवून खाली उरलेली साखर दाखवून दिली. साखर चवीला तरी कळत होती. मूत्रपिंड खराब होताना लघवीत जे उतरते त्याला ना रंग असतो, ना चव.

अंड्याच्या पांढऱ्यासारखे काहीतरी

१७६४ साली नेपल्सचे डॉक्टर डोमेनिको कोटुन्यो यांनी एक पुस्तक लिहिले. पुस्तक होते सायटिकावर, पण त्यात अंग सुजलेल्या २८ वर्षांच्या एका सैनिकाची नोंद आहे. कोटुन्यो यांनी त्याची लघवी तापवली, तेव्हा तिच्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा तयार झाला. निरोगी माणसाच्या लघवीत असे होत नाही. मात्र हा पदार्थ कुठून आला आणि का आला, हा प्रश्न पुढे साठ वर्षे तसाच राहिला.

त्याचे उत्तर दिले लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी. त्या काळी अंगावर सूज येणे हाच एक आजार समजला जाई. त्याला 'ड्रॉप्सी' म्हणत. उपचार म्हणजे रक्त काढणे आणि जुलाब देणे. ब्राइट यांनी दोन साध्या गोष्टी सातत्याने केल्या. सूज आलेल्या रुग्णाची लघवी तापवून पाहिली, आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून त्याची मूत्रपिंडे पाहिली. लघवी तापवायची पद्धत अशी: चमच्यात थोडी लघवी घ्यायची आणि चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. लघवी गोठून पांढरी झाली, तर त्या रुग्णाची मूत्रपिंडे पुढे खडबडीत, कडक किंवा आक्रसलेली सापडत.

१८२७ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंगावरची सूज, लघवीतले अल्ब्युमिन आणि बिघडलेले मूत्रपिंड या तीन गोष्टी त्यांनी एका धाग्यात ओवल्या. १८३६ साली शंभर रुग्णांची माहिती मांडताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. यांपैकी अनेकांचे हृदय जाड झालेले होते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र तेव्हा दवाखान्यात नव्हते, पण मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचे नाते तिथेच दिसू लागले होते. या आजाराला पुढे शंभर वर्षे 'ब्राइट्स डिसीज' म्हणत.

निदान झाले तरी उपाय हाती नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांना पदावर असतानाच हा आजार असल्याचे कळले. त्यांनी तो लोकांपासून लपवला. पद सोडल्यावर दोन वर्षांच्या आत, १८८६ साली, ते गेले.

मूत्रपिंड तक्रार का करत नाही?

आपल्या मूत्रसंस्थेचे चार भाग आहेत. कमरेच्या वर पाठीशी दोन मूत्रपिंडे, म्हणजेच किडन्या. प्रत्येकीतून खाली येणारी एक मूत्रवाहिनी. त्या दोन्ही जिथे उघडतात ती पिशवी, म्हणजे मूत्राशय. आणि तिथून बाहेर नेणारा मूत्रमार्ग. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला तर माणूस गडाबडा लोळतो. मूत्राशयात जंतू वाढले तर उन्हाळी लागते. हे भाग बोलके आहेत.

मूत्रपिंडाची गाळणी मात्र मुकी आहे. १६६६ साली इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून मूत्रपिंडात बारीक गोल दाणे पाहिले. १८४२ साली विल्यम बोमन यांनी दाखवले की तो दाणा म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ असून त्याभोवती पेल्यासारखे आवरण असते आणि तिथूनच लघवीची नळी सुरू होते. आज त्या गुच्छाला आपण ग्लोमेरुलस म्हणतो. एका मूत्रपिंडात अशा साधारण दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, आणि त्यातला जवळजवळ सगळा परत घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात.

अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन. ते रक्तवाहिन्यांतले पाणी धरून ठेवते. गाळणी शाबूत असेल तर ते जवळपास सगळे रक्तातच राहते. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने गाळणीची जाळी सैल झाली की ते झिरपू लागते. या झिरपण्याने दुखत नाही, जळजळत नाही. लघवीचा रंगही बदलत नाही. क्रिएटिनिनही उशिराच वाढते, कारण उरलेल्या गाळण्या बराच काळ जादा काम करून घेतात.

रिपोर्टमधले शब्द

'अल्ब्युमिन' हा शब्द लॅटिनमध्ये अंड्याच्या पांढऱ्यासाठी असलेल्या शब्दावरून आला. कोटुन्यो यांना जे दिसले तेच या नावात आहे. शब्दाच्या शेवटी 'युरिया' असेल तर त्याचा अर्थ 'लघवीत'. प्रोटीन्युरिया म्हणजे लघवीत प्रथिने, हिमॅच्युरिया म्हणजे लघवीत रक्त. रक्तात मोजतात तो यूरिया हा टाकाऊ पदार्थ वेगळा. 'नेफ्रो' आणि 'रीनल' हे दोन्ही शब्द मूत्रपिंडाचेच, एक ग्रीक आणि दुसरा लॅटिन.

चमच्यापासून पट्टीपर्यंत

आम्ही विद्यार्थी असताना ब्राइट यांचाच प्रयोग करत होतो, फक्त चमच्याच्या जागी परीक्षानळी आणि मेणबत्तीच्या जागी स्पिरिटचा दिवा. नळीचा वरचा भाग तापवायचा, ढगाळ झाला की अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे. ढग तरीही राहिला तर अल्ब्युमिन. १९५० च्या दशकात रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या आणि दिवा मागे पडला.

पण पट्टीलाही अगदी थोडे अल्ब्युमिन दिसत नाही. १९६३ साली हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते मोजण्याची पद्धत शोधली, तीही ब्राइट यांच्याच गाय्ज हॉस्पिटलमध्ये. तिथेच मधुमेहाच्या ६३ रुग्णांचा चौदा वर्षांनी पुन्हा शोध घेतला गेला. सुरुवातीला लघवीत थोडे जास्त अल्ब्युमिन असलेल्या ८ जणांपैकी ७ जणांना पुढे मूत्रपिंडाचा उघड आजार झाला. उरलेल्या ५५ जणांपैकी फक्त दोघांना झाला. हे १९८२ साली प्रसिद्ध झाले. मूत्रपिंड बिघडण्याच्या कितीतरी वर्षे आधी इशारा मिळतो, हे त्यातून कळले.

तुम्ही काय करायचे?

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून, आणि उच्च रक्तदाब असेल तरीही, वर्षातून एकदा सकाळच्या पहिल्या लघवीची 'एसीआर' तपासणी करून घ्या. ३० पर्यंत ठीक. ३० ते ३०० म्हणजे इशारा. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा भरपूर व्यायाम यांनीही आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरू नका, तपासणी पुन्हा करा. सोबत क्रिएटिनिन बघा. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. आर्थर यांच्या वेळी उपाय नव्हता. आज गाळणीवरचा ताण कमी करणारी रक्तदाबाची औषधे आहेत, मधुमेहातलीही काही औषधे मूत्रपिंडाला जपतात. ती जितकी लवकर सुरू होतात तितका फायदा जास्त.

त्या गृहस्थांवर उपचार सुरू आहेत. सूज उतरली आहे, पण गेलेल्या गाळण्या परत येणार नाहीत, हे मला त्यांना सांगावे लागले. बाजूला बसलेला भाऊ सगळे ऐकत होता. त्यालाही तीन वर्षांपासून मधुमेह आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता बाटली घेऊन आला. त्याचा एसीआर ६८ निघाला, क्रिएटिनिन अगदी नॉर्मल. पुन्हा तपासला, तेव्हाही तेवढाच. त्याचीही लघवी दिसायला साफच होती. त्याचे औषध आम्ही वेळेत सुरू केले.