चप्पल हुंगवण्याआधी

आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडवर कुणाला फिट आली की गर्दी जमते आणि पहिला आवाज येतो, "अगं, चप्पल हुंगवा!" आम्हीही हुंगवली आहे. थोड्या वेळाने झटके थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं. खरं तर बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते. म्हणून तर हा उपाय इतका टिकला.

कुणी याला आकडी म्हणतं, कुणी फेपरं, कुणी मिरगी. जुना शब्द अपस्मार. चरकसंहितेत त्याचे चार प्रकार सांगितलेत आणि उपचारही. ग्रीस देशात सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने लिहून ठेवलं की हा काही देवाचा कोप नव्हे, याचं मूळ मेंदूत आहे. आपल्याकडे अजून "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारा आणायला माणसं धावतात, ते पाहिलं की नवल वाटतं.

पुढे १८६०-७०च्या काळात लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी रुग्णांकडे बारकाईने पाहिलं. कुणाचा आधी नुसता अंगठा उडायचा, मग हात, मग त्याच बाजूचा चेहरा. माणूस मात्र शुद्धीवर असायचा. मेंदूच्या एका जागी बिघाड सुरू होतो आणि तिथून पसरतो, हे त्यांनी त्यावरून ताडलं. मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केला. तालुक्याला किंवा जिल्ह्याला डोक्याला तारा लावून काढतात ती पट्टी, ईईजी, ती त्यातूनच आली.

आपण मात्र पडणं, हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, एवढ्यालाच फिट समजतो. वर्गात एखादी मुलगी बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबते, पुन्हा सुरू होते, आणि "लक्ष नाही" म्हणून रागावून घेते. एखादी बाई मिनिटभर ओठ चावते, पदर चाचपत राहते, हाक मारली तर ओ देत नाही. याही फिटच असू शकतात. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. मोबाईलवर व्हिडिओ काढून नेला तर त्यांना फार उपयोग होतो.

औषधही नवं नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून आहे. योग्य औषध नेमाने घेतलं तर दहापैकी सात जणांच्या फिट आटोक्यात येऊ शकतात. पण गोळ्या लपवाव्या लागतात त्या आपल्या मुलींना. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीचं लग्न रद्द ठरवता येऊ लागलं. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला. कायदा सुधारला, बोलणी करणारे तसेच राहिले. सासरी कळेल म्हणून मुलगी गोळ्या अचानक बंद करते आणि मग फिट येते ती नेमकी चुलीपाशी, नाहीतर विहिरीवर.

अशा वेळी आधी तिला विस्तवापासून, पाण्यापासून दूर घ्या. डोक्याखाली घडी घातलेलं लुगडं ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा घालू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. कांदा नको, चप्पल नको. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका. नंतर ती गोंधळलेली असते, झोप येते. कुणीतरी जवळ बसा. घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली, शुद्ध न येताच दुसरी फिट आली, मार लागला, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर १०८ ला फोन करा. आणि गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला फिट आली तर पाच मिनिटंही मोजत बसू नका. ती रक्तदाबाची असू शकते; गाडी ताबडतोब बोलवा.