दोन नगरे आणि एक महासाथ

साथीच्या रोगाची भीषणता जितकी त्याच्या स्वरूपावर, तितकीच त्याच्या वेगावर अवलंबून असते. एखाद्या नगरात रुग्णालयाच्या १०० खाटा आहेत आणि प्रत्येक रुग्णाला १० दिवस उपचार लागतात, असे गृहीत धरावे. १,००० रुग्ण १०० दिवसांत समप्रमाणात आले, तर प्रत्येकास खाट मिळते. तेच १,००० रुग्ण १० दिवसांत आले, तर ९०० जण दाराबाहेर राहतात. रुग्णसंख्या तीच, खाटाही त्याच. परंतु परिणामात जीवन-मरणाचे अंतर पडते.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या महासाथीत अमेरिकेतील दोन शहरांना या हिशेबाचा प्रत्यय आला. त्या काळी या रोगावर लस नव्हती, प्रतिजैविके नव्हती. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणूही पुढे १९३३ मध्ये सापडला. पहिले महायुद्ध चालू असल्याने अनेक डॉक्टर व परिचारिका सैन्यसेवेत होते. अशा स्थितीत नगरप्रशासनाच्या हाती एकच उपाय उरला होता, तो म्हणजे माणसांची गर्दी रोखणे.

फिलाडेल्फियात सप्टेंबरच्या मध्यास नागरिकांमध्ये रुग्ण आढळू लागले. काही डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली होती. तरीही युद्धकर्जाच्या रोख्यांच्या प्रचारासाठी २८ सप्टेंबर रोजी भव्य मिरवणूक निघाली आणि सुमारे दोन लाख लोक रस्त्यांवर लोटले. अवघ्या तीन दिवसांत शहरातील ३१ रुग्णालयांच्या खाटा भरून गेल्या. शाळा, चर्च व नाट्यगृहे बंद करण्याचा आदेश ३ ऑक्टोबरला निघाला. तोवर साथ घरोघरी पोहोचली होती. वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णसेवेस जुंपावे लागले, जोगिणींनी परिचारिकांचे काम अंगावर घेतले, धर्मविद्यालयातील विद्यार्थ्यांनी कबरी खणल्या. सेवाभावाची उणीव नव्हती. पण खाटा आणि हात दोन्ही अपुरे पडले. सुमारे सहा आठवड्यांत बारा हजारांहून अधिक माणसे दगावली.

सेंट लुईस येथील आरोग्य आयुक्त डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ यांनी पूर्वेकडील शहरांच्या वार्तांवरून वेळीच बोध घेतला. ५ ऑक्टोबरच्या सुमारास शहरात रुग्ण आढळले आणि दोनच दिवसांत शाळा, नाट्यगृहे, चर्च व सार्वजनिक सभा बंद करण्याचा निर्णय झाला. या निर्णयास विरोध झाला नाही असे नाही. धर्मगुरू नाराज झाले, नाट्यगृहांचे मालक व व्यापारी उत्पन्न बुडाल्याने हवालदिल झाले. त्यांची तक्रार निराधार नव्हती. बंद दुकानाचेही भाडे आणि नोकरांचा पगार थांबत नाही. तरीही स्टार्कलॉफ ठाम राहिले. नोव्हेंबरात तर त्यांनी अत्यावश्यक नसलेले व्यवहारही काही दिवस बंद ठेवले. पुढे निर्बंध उठताच रुग्ण पुन्हा वाढले व काही बंधने परत लादावी लागली. संसर्ग मंदावला होता, संपला नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले.

या दोन शहरांच्या मृत्युनोंदींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीच्या सर्वांत वाईट आठवड्यात फिलाडेल्फियातील अतिरिक्त मृत्यूंचा दर लाख लोकसंख्येमागे २५७, तर सेंट लुईसमधील दर ३१ होता. पहिल्या रुग्णापासून निर्बंधांपर्यंत एका शहराने सुमारे १६ दिवस घेतले, दुसऱ्याने २. रोग झपाट्याने पसरत असता दोन आठवड्यांची किंमत केवढी असते, ते या आकड्यांवरून दिसते.

२०२० मध्ये कोविडच्या काळात रुग्णसंख्येच्या आलेखाचे टोक खाली आणण्याची भाषा जगभर ऐकू आली, तिच्या मुळाशी हाच अनुभव होता. गर्दी टाळल्याने रोग नाहीसा होत नाही. तो हळूहळू येतो आणि डॉक्टर, परिचारिका व खाटा यांना पुरून उरत नाही. बंद ठेवलेल्या दुकानाचा तोटा वर्षअखेरीस खतावणीत ठळक दिसतो. त्यामुळे वाचलेल्या माणसाचे नाव मात्र कोणत्याही वहीत चढत नाही. म्हणूनच हा तोटा पत्करताना विवेक आणि धैर्य या दोहोंची कसोटी लागते. सेंट लुईस त्या कसोटीस उतरले आणि तेथील शेकडो कुटुंबे दुःखातून वाचली.