सिंथेसायझरचा ठेका: मुंबईपासून वसईपर्यंत

सिंथेसायझरच्या स्वराला जिवंतपणा येतो तो त्याच्या हेलकाव्यामुळे. स्वराची उंची, जोर किंवा धार ठरावीक वेगाने वरखाली करणाऱ्या मंद लहरीला एलएफओ म्हणतात आणि तिच्यामुळे स्वरात होणाऱ्या बदलाला मॉड्युलेशन. व्हिब्रॅटो, म्हणजे स्वराच्या उंचीतले कंपन, तालापासून मोकळा असला तरी चालतो. पण जोराचे किंवा धार कमीजास्त करणाऱ्या फिल्टरचे संथ हेलकावे ठेक्यात बसावे लागतात. मिनिटाला 120 मात्रांची लय म्हणजे सेकंदाला 2 मात्रा. कानाने लावलेली लहर सेकंदाला 2 ऐवजी 2.05 वेळा फिरली, तर 20 सेकंदांत ती पूर्ण एक मात्रा पुढे निघून जाते. ही घसरण आधी वादकाचा हात सावरत असे. पुढे ते काम यंत्राच्या ठोक्याकडे गेले. मुंबईच्या ध्वनिमुद्रणात हे स्थित्यंतर साधारण तीस वर्षांत घडले.

सुरुवात क्लॅव्हियोलिनपासून होते. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी 1947 मध्ये बनवलेले हे वाद्य एका वेळी एकच स्वर देई. त्याचा आवाज गुडघ्याने दाबायच्या दांड्याने कमीजास्त होई आणि कंपनासाठी वेगळी बटणे असत. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी याच वाद्यावर वाजली. संगीतकार होते हेमंत कुमार आणि वादक कल्याणजी वीरजी शाह, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी. इथे स्वराचा डोल तालाशी जोडणारे कोणतेही यंत्र नव्हते. बोटे आणि गुडघा हेच ते काम करत.

1970 मध्ये रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा मिनीमूग हा सिंथेसायझर बाजारात आला. मुंबईत हे वाद्य रुजवण्यात केरसी लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. ज्येष्ठ तालवादक कावस लॉर्ड यांचे हे पुत्र अ‍ॅकॉर्डियन, तालवाद्ये आणि कीबोर्ड सारख्याच सहजतेने वाजवत. मिनीमूगमध्ये आवाज साठवायची सोय नव्हती. एखादा आवाज पुन्हा हवा असेल तर प्रत्येक बटण कुठवर फिरवले होते ते लक्षात ठेवावे लागे किंवा कागदावर मांडून घ्यावे लागे. त्यातली लहरही स्वतःच्याच वेगाने फिरे. वाद्यवृंदाची लय तिला कळत नसे. शिवाय त्या काळी गाणे सगळ्या वादकांनी एकत्र बसून मुद्रित होई आणि लय संगीत संयोजकाच्या इशाऱ्यावर व तालवादकांच्या हातावर चाले. त्यामुळे वादकाला एक कान वृंदाकडे आणि एक हात बटणावर ठेवावा लागे.

1980 च्या सुमारास जपानच्या रोलँड कंपनीने यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवले. टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे बासयंत्र एका तारेने जोडले की दोन्ही एकाच ठोक्यावर चालत. त्या तारेतून दर मात्रेला 24 स्पंद जात. 24 ला 2, 3, 4, 6 आणि 8 ने भाग जातो, म्हणून केरव्याची दुगण-चौगण आणि दादऱ्याच्या अंगाचे तिहेरी विभाग दोन्ही त्यात अचूक बसतात. रोलँडच्याच त्या काळातल्या ज्युपिटर-8 या सिंथेसायझरमध्ये 64 आवाज साठवता येत आणि दाबलेले स्वर एकामागून एक वाजवणारा त्याचा अर्पेजिएटरही बाहेरून आलेल्या ठोक्यावर चालवता येई.

मुंबईत या तिन्ही यंत्रांचा सर्वांत धाडसी वापर चरणजीत सिंग यांनी केला. चित्रपटसंगीतात गिटार वाजवणाऱ्या या वादकाची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी 1982 मध्ये ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढली. ललत, भूपाळी, तोडी, मालकंस असे राग त्यात यंत्राच्या ठेक्यावर वाजतात. 303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने मींडेचा आभास होतो. तबकडी फारशी खपली नाही. शिकागोत 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताची पहिली गाजलेली तबकडी याच 303 वर घडली. त्यामुळे 2010 मध्ये सिंग यांचे काम पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा काळाच्या पुढची निर्मिती म्हणून त्याकडे जगाचे लक्ष गेले. 2015 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

1983 मध्ये यंत्रे एकमेकांना जोडण्यासाठी मिडी हे सर्व कंपन्यांचे सामाईक मानक आले. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना त्यासाठी 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. मिडीनेही मात्रेला 24 स्पंद कायम ठेवले आणि सुरू, थांब, पुढे चालू असे संदेश त्यात जोडले. त्याच वर्षीच्या यामाहा डीएक्स-7 मध्ये मात्र आवाज घडवणे अवघड झाले. बटणांची रांग जाऊन एक सरकपट्टी आणि छोटा पडदा उरला, लहरीचा वेग 0 ते 99 अशा आकड्यांत आला आणि बहुतेक वादक तयार आवाजांवरच विसंबू लागले. पुढच्या कीबोर्डांत हा वेग नुसत्या आकड्यांऐवजी मात्रांत लावता येऊ लागला: एक मात्रा, अर्धी, पाव, दीडपट किंवा तिहेरी. गाण्याची लय बदलली की लहरही आपोआप बदलते.

आज वसई-विरार पट्ट्यात ऑर्केस्ट्रा, हळदीचे कार्यक्रम आणि नवरात्रातला गरबा यांत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड नेहमीचे झाले आहेत. वादक साठवलेल्या आवाजाला ‘टोन’ म्हणतात. रोलँड एक्सपीएस-10 सारख्या कीबोर्डसाठी शहनाई, बँजो, बासरीचे टोन पेनड्राइव्हवरून भरले जातात. टोन आपलासा करताना आधी स्वराचा आरंभ आणि ओसर लावतात, मग फिल्टर, मग मॉड्युलेशनची खोली आणि शेवटी तिचा लयीशी संबंध. बदल वेगळ्या क्रमांकावर साठवला तर मूळ टोन शाबूत राहतो.

तयार लूपवर गाणे चालले असेल तर लहर ठोक्याला बांधणे सोयीचे ठरते. ढोलकी हाताने वाजत असेल तर लय हळूहळू चढते आणि ढोलकीतून कोणताही स्पंद कीबोर्डकडे जात नाही. अशा वेळी टॅप टेम्पोचे बटण ठेक्यावर दाबून वेग पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर लहरीचे बंधन सोडून मॉड्युलेशनचा दांडा हाताने चालवावा लागतो.