खेळाआधीचा खेळ : ‘द ओल्ड रिपब्लिक’ची तीन वर्षांची प्रतीक्षा

नाटकाच्या तिसऱ्या घंटेपूर्वीची घालमेल मराठी प्रेक्षकाला चांगलीच परिचयाची आहे. पण ती असते काही मिनिटांची. संगणकावर हजारो जणांनी एकाच वेळी खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांच्या चाहत्यांची घालमेल मात्र कधी कधी तीन-चार वर्षे चालते. हाती काहीही आलेले नसताना त्या खेळाविषयी वाद झडतात, तट पडतात, मैत्री जुळते आणि तुटतेही. ‘बाजारात तुरी’ ही आपल्याकडील म्हण आठवावी असाच हा प्रकार वरवर पाहता वाटतो. परंतु या वादांकडे थोडे बारकाईने पाहिले, तर त्यांत निव्वळ हट्ट आणि हौस नसते, असे ध्यानात येते.

याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’. या खेळाची अधिकृत घोषणा २१ ऑक्टोबर २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाली आणि तो प्रत्यक्ष खुला झाला २० डिसेंबर २०११ रोजी. मधल्या तीन वर्षे दोन महिन्यांच्या काळात चाहत्यांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांत या खेळाच्या पुढील भवितव्याची जवळजवळ संपूर्ण रूपरेषा दडलेली होती.

जग जे थांबत नाही

या खेळप्रकाराला ‘एमएमओआरपीजी’ अशा लांबलचक आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्याचे मूळ १९७८ मध्ये सापडते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. पण अनेक खेळाडू एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरू शकत होते. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले. या शेवटच्या खेळाच्या सभासदांची संख्या २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर पोहोचली. त्यानंतरच्या प्रत्येक नव्या खेळाकडे याच मापाने पाहिले जाऊ लागले.

या खेळांचे वैशिष्ट्य असे, की आपण संगणक बंद केला तरी तेथील जग चालूच राहते. खेळाडू तेथे एक पात्र धारण करतो, त्याला वाढवतो, ‘गिल्ड’ म्हणजे खेळाडूंच्या मंडळात सामील होतो आणि त्यासाठी बहुधा दरमहा वर्गणी भरतो. चित्रपट पडला तर आपले तीन तास वाया जातात. असा खेळ पडला, तर कित्येक वर्षांची मेहनत आणि तेथे जमलेला गोतावळा विखुरतो. म्हणूनच नव्या खेळाविषयी बोलणारा चाहता हा निव्वळ ग्राहक नसतो. नव्या वसाहतीत बिऱ्हाड हलवण्यापूर्वी पाणी, रस्ता आणि शेजार यांची चौकशी करणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था असते.

दोन वारसदार, दोन अपेक्षा

‘द ओल्ड रिपब्लिक’ची वाट पाहणारे चाहते मुख्यतः दोन घराण्यांतील होते. पहिले घराणे होते ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ या २००३ च्या खेळाच्या चाहत्यांचे. कॅनडातील ‘बायोवेअर’ या कंपनीचा तो खेळ एकट्याने खेळावयाचा होता. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील घटनांच्या हजारो वर्षे आधीचा काळ, भक्कम कथानक आणि खेळाडूच्या नैतिक निवडीनुसार बदलणारी वाट, यांमुळे तो गाजला. त्याचा दुसरा भाग डिसेंबर २००४ मध्ये ‘ऑब्सिडियन’ या कंपनीने काढला. तिसऱ्या भागाची आस तेव्हापासून लागून राहिली होती.

दुसरे घराणे होते ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या ऑनलाइन खेळाच्या रहिवाशांचे. हा खेळही २००३ चाच. येथे नायक होण्याची सक्ती नव्हती. कोणी शिंपी होई, कोणी नर्तक, कोणी शस्त्रे घडवणारा कारागीर. खेळाडूंनी स्वतः घरे बांधून गावे वसवली होती. परंतु अधिक लोकांना आकर्षित करण्यासाठी चालकांनी नोव्हेंबर २००५ मध्ये खेळाची मूळ रचनाच बदलली. तीसहून अधिक व्यवसायांच्या जागी अवघे ९ उरले. अनेक जुने खेळाडू संतापून निघून गेले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, या न्यायाने ही मंडळी नव्या खेळाच्या प्रत्येक आश्वासनाकडे संशयाने पाहत होती.

पहिला वाद : एकट्याचा की सर्वांचा?

‘बायोवेअर’ आणि ‘लुकासआर्ट्स’ यांनी एकत्र काम करण्याचे ऑक्टोबर २००७ मध्येच जाहीर केले होते. पण काय बनणार हे मात्र सांगितले नव्हते. त्यामुळे वर्षभर तर्कवितर्कांना ऊत आला. ऑनलाइन खेळाची घोषणा होताच पहिल्या घराण्यात निराशा पसरली. आम्ही तिसरा भाग मागितला होता, मासिक वर्गणीचा बाजार नव्हे, असा सूर उमटला. निर्मात्यांचे म्हणणे असे, की या एकाच खेळात तिसऱ्या भागाबरोबर पुढील अनेक भागांची सामग्री सामावलेली असेल. आठ प्रकारची पात्रे आणि प्रत्येकाची स्वतंत्र कथा, अशी योजना होती. जेडाय योद्धा, तस्कर, साम्राज्याचा हेर, पैशासाठी शिकार करणारा भाडोत्री वीर, यांपैकी जो आपण निवडू त्याचे आयुष्य आपल्याला जगता येणार होते.

यावर विरोधकांचा प्रश्न बिनतोड होता. प्रत्येक खेळाडू जर आकाशगंगेचा त्राता असेल, तर त्याच चौकात उभे असलेले इतर शेकडो त्राते कोण? एकट्याची कथा आणि सर्वांचे जग यांचा मेळ कसा घालायचा? निर्मात्यांनी गटसंवादाची पद्धत दाखवली. चौघे मिळून एखाद्या पात्राशी बोलत असतील, तर प्रत्येकाने आपले उत्तर निवडायचे आणि फासे पडल्याप्रमाणे ज्याचा आकडा मोठा, त्याचे उत्तर बोलले जायचे. कल्पना चतुर होती. मात्र मूळ प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

दुसरा वाद : आवाजाची किंमत

जून २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथील ‘ई थ्री’ प्रदर्शनाच्या निमित्ताने जाहीर झाले, की या खेळातील संवाद केवळ लिखित नसतील. ते नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेले असतील. तोवर अशा खेळांत कामगिरी सांगणारे पात्र मजकुराची चौकट पुढे करी आणि खेळाडू तो न वाचताच पुढे जाई. ध्वनिमुद्रित संवादांची संख्या अखेरीस दोन लाखांच्या पुढे गेली आणि ‘गिनेस’ने मनोरंजन क्षेत्रातील सर्वांत मोठा आवाजप्रकल्प म्हणून त्याची नोंद केली.

चाहत्यांतील एक पक्ष हरखून गेला. दुसऱ्या पक्षाने साधे त्रैराशिक मांडले. लेखकांनी, नटांनी आणि तंत्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेली कथा उत्साही खेळाडू काही आठवड्यांत संपवणार. मग पुढे काय? वर्गणी तर दरमहा द्यायची आहे. लिखित संवाद बदलायला एक दुपार पुरते. ध्वनिमुद्रित संवाद बदलायचा तर नटाला पुन्हा बोलवावे लागते, आणि हा खेळ इंग्रजीबरोबर फ्रेंच व जर्मन भाषांतही निघणार होता. जो निर्णय या खेळाला वेगळेपण देणार होता, तोच त्याचे हातपायही बांधणार होता.

तिसरा वाद : अवकाशातील रूळ

२०१० मध्ये अवकाशयुद्धाचा भाग दाखवण्यात आला आणि ‘गॅलक्सीज’वाल्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या जुन्या खेळात २००४ पासून यान हवे तिकडे उडवता येत असे. येथे यान जणू रुळांवरून जात होते. खेळाडूने नेम धरून गोळ्या झाडायच्या एवढेच. ‘स्टार वॉर्स’मधून मुक्त उड्डाण वगळणे म्हणजे शिवचरित्रातून गडकोट वगळण्यासारखेच होते. चित्रशैलीवरही टीका झाली. पात्रे व्यंगचित्रांसारखी दिसतात, असा आक्षेप होता. अर्थात, ही सारी शितावरून भाताची परीक्षा होती. दुसरीकडे प्रत्येक ‘ई थ्री’ प्रदर्शनात झळकणाऱ्या देखण्या चित्रफितींनी टीकाकारांनाही पुन्हा मोहात पाडले. त्या चित्रफिती प्रत्यक्ष खेळातल्या नव्हेत, हे ठाऊक असूनही.

जगाआधी वसलेली मंडळे

प्रतीक्षेच्या शेवटच्या वर्षी एक विलक्षण गोष्ट घडली. मार्च २०११ मध्ये निर्मात्यांनी चाहत्यांना खेळाआधीच आपली गिल्ड नोंदवण्याची सोय करून दिली. कोणते मंडळ कोणाचे मित्र आणि कोण कोणाचे वैरी, हेही आधीच ठरवता येत होते. राहण्याचे जग अजून अस्तित्वात नव्हते. पण त्यातील पंचायती स्थापन झाल्या होत्या. चाचणीत भाग घेणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन होते, ते नोव्हेंबर २०११ मध्ये उठले. त्याआधी सप्टेंबरमध्ये लंडन येथे प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली होती.

योगायोग असा, की ‘गॅलक्सीज’चे सर्व्हर १५ डिसेंबर २०११ रोजी कायमचे बंद झाले. नव्या खेळात आगाऊ नोंदणी केलेल्यांचा प्रवेश त्याच आठवड्यात सुरू झाला होता. कित्येकांसाठी जुने घर पाडले जाण्याचा आणि नव्या घराची किल्ली हाती येण्याचा काळ एकच ठरला.

प्रत्यक्षात काय झाले?

पहिल्या तीन दिवसांतच नोंदणी केलेल्या खेळाडूंचा आकडा १० लाखांवर गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये वर्गणीदार १७ लाख असल्याचे ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने जाहीर केले. मे महिन्यात तो आकडा १३ लाखांवर आला आणि जुलैअखेर १० लाखांच्या खाली घसरला. बहुतेकांनी आपल्या पात्राची कथा पूर्ण केली होती आणि त्यानंतर त्याच त्या कामगिऱ्या पुन्हा करण्यात त्यांना रस उरला नव्हता. ओस पडू लागलेल्या सर्व्हरांवरील खेळाडूंना उन्हाळ्यात एकत्र आणावे लागले. अखेर १५ नोव्हेंबर २०१२ पासून वर्गणीची अट शिथिल झाली आणि हा खेळ विनामूल्य खेळता येऊ लागला. एक वर्षही पुरे झाले नव्हते.

म्हणजे त्रैराशिक मांडणारे बरोबर होते. अवकाशातील रुळांविषयी तक्रार करणारेही बरोबर ठरले. मुक्त उड्डाणाची युद्धे खेळात आली, पण ती २०१३ च्या अखेरीस. असे असले तरी कथेच्या बाजूने बोलणारे चुकले होते, असेही म्हणता येत नाही. साम्राज्याच्या हेराची कथा आजही या प्रकारातील उत्तम लेखनाचा नमुना मानली जाते. २०१५ मधील ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’ या पुरवणीने तर खेळाला पुन्हा एकट्याच्या कथेकडेच वळवले. २०२३ मध्ये या खेळाची जबाबदारी ‘बायोवेअर’कडून ‘ब्रॉडस्वर्ड’ या कंपनीकडे गेली. ज्याच्या मृत्यूची भाकिते २०१२ मध्येच वर्तवली गेली होती, तो खेळ तेव्हाही चालू होता. ‘गॅलक्सीज’च्या निष्ठावंतांनी आपले हरवलेले जग स्वतःच्या श्रमाने, स्वयंसेवी सर्व्हरांवर पुन्हा उभे केले, ही कहाणी वेगळीच.

ऐकण्याची वेळ

मग चाहत्यांना जे दिसत होते ते निर्मात्यांना दिसले नाही काय? तसे मानणे अन्यायाचे ठरेल. अडचण वेळेची होती. चाहत्यांपुढे योजना येते तेव्हा तिचा पाया भरून झालेला असतो. लक्षावधी संवाद बोलून झाल्यावर, शेकडो माणसांची वर्षे खर्ची पडल्यावर ‘ही रचनाच नको’ हा सल्ला खरा असला तरी अमलात येण्यासारखा नसतो. याला अपवाद घडतात, पण क्वचित आणि फार मोठी किंमत मोजून. २०१० मध्ये आलेला ‘फायनल फँटसी फोर्टीन’ इतका फसला, की ‘स्क्वेअर एनिक्स’ या जपानी कंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये तो बंद केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने रचून पुन्हा आणला. पुढे तो या प्रकारातील अग्रगण्य खेळांत गणला गेला.

आगामी खेळाविषयीचा कोणताही वाद ऐकताना एवढे लक्षात ठेवावे. चित्रफितीवरून आणि तारखेवरून होणारी भांडणे विरून जातात. परंतु ‘तेथे गेल्यावर आम्ही एकमेकांसोबत करायचे काय?’ हा प्रश्न कोणी विचारला, तर तो कान देऊन ऐकावा. ‘द ओल्ड रिपब्लिक’च्या चाहत्यांनी तो २००८ मध्येच विचारला होता. त्याचे उत्तर मिळेपर्यंत अनेकांची बिऱ्हाडे पुन्हा हलली होती.